परवानगी न मागता

गेल्या जून महिन्यात आमच्या गटातील पाच कुटुंबांनी इंग्लंडच्या वायव्य भागातील तळ्यांच्या मुलखात, म्हणजे लेक डिस्ट्रिक्टमध्ये, दोन दिवस सायकलवरून फिरायचे ठरवले, तेव्हा थोडी कुरबूर झाली. विहाराच्या जागेसाठी निधी उभा करायचा आहे, मुलांच्या मराठी वर्गाला शिक्षक मिळत नाहीत, आणि ही मंडळी डोंगरात सायकली फिरवायला निघाली. ही चैन आपल्याला शोभते का, असे एका ज्येष्ठांनी विचारले. प्रश्न आपुलकीचा होता, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शांत ग्रामीण रस्त्यावरून सहकुटुंब सायकल चालवणे म्हणजे एक सार्वजनिक हक्क बजावणे होय. हक्क बजावला नाही तर तो कागदावर राहतो, आणि कागदावर राहिलेल्या हक्काची किंमत आपल्या समाजाइतकी फार थोड्यांनी मोजली असेल. तेव्हा हे रस्ते कसे आहेत, ते खुले कसे झाले आणि आपण त्यांवरून कसे जावे, याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम या मुलखाची ओळख. कम्ब्रियातील हा प्रदेश १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. हिमयुगात हिमनद्यांनी येथील डोंगरांत लांबट दऱ्या कोरल्या. बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साठले. त्यामुळे इथली मोठी तळी बोटांसारखी लांब आहेत आणि मधल्या डोंगरांपासून चहूदिशांना पसरलेली दिसतात. गंमत अशी की, या साऱ्या तळ्यांत अधिकृत नावात 'लेक' असलेले तळे एकच आहे, बॅसनथ्वेट लेक. बाकीच्यांच्या नावाअखेर 'वॉटर' किंवा 'मेअर' येते. तळ्यांना जोडणारे लहान रस्ते अरुंद असतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी भिंती असतात. हर्डविक जातीच्या मेंढ्या रस्त्याच्या मधोमध बसलेल्या आढळतात. त्यांची कोकरे काळी जन्मतात आणि वयाबरोबर राखाडी होत जातात. पाऊस मात्र भरपूर. बॉरोडेल खोऱ्यातील सीथ्वेट या वस्तीवर वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणातून आलेल्या माणसाला तिथे परके वाटण्याचे कारण नाही.

'राष्ट्रीय उद्यान' या शब्दाने आपली एक गैरसमजूत होते. भारतात राष्ट्रीय उद्यान म्हटले की, सरकारी जंगल, फाटक आणि तिकीट डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्ये तसे नाही. या उद्यानात गावे आहेत, शेती आहे, आणि बहुतेक जमीन खाजगी मालकीची आहे. या मालकीच्या जमिनींमधूनच सार्वजनिक रस्ते आणि वाटा जातात. काही ठिकाणी तर रस्ता थेट एखाद्या शेतघराच्या अंगणातून जातो. एका बाजूला घराचे दार, दुसऱ्या बाजूला गोठा आणि मधून सर्वांचा रस्ता.

अशाच एका अंगणापाशी जे घडले, त्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

आमच्यातील एकाचे वडील त्या वेळी भारतातून आले होते. त्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत छत्तीस वर्षे नोकरी, आणि त्यांतील बहुतेक वर्षे रोजचे जाणे-येणे सायकलवर. वय बहात्तर. केझिक या गावात त्यांच्यासाठी बॅटरीची सायकल भाड्याने घेतली होती. पहिली दहा मिनिटे ते बॅटरीवर रागावले, मग तिच्याशी त्यांचे जमले. जुन्या रेल्वेमार्गावरून थ्रेलकेल्डपर्यंत ते आमच्या पुढे होते. तेथून पुढे लहान रस्त्याला लागलो, एक फाटक उघडले, आणि समोर शेतघराचे अंगण आले. गुरुजी सायकलवरून उतरले. हँडल धरून, मान किंचित खाली घालून, ते अंगण त्यांनी चालत ओलांडले आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा सायकलवर बसले. आम्हाला वाटले, दमले असतील. पुढच्या शेतघरापाशीही तेच झाले. तेथे त्यांनी मुलाला हळूच विचारले, "अरे, यांची परवानगी घेतलीय ना?"

संध्याकाळी चहाच्या वेळी नातीने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. नोकरीच्या पहिल्या गावी शाळेचा रस्ता चावडीवरून आणि पाटलांच्या वाड्यावरून जात असे. त्या दोन्ही ठिकाणी आपल्या माणसाने सायकलवरून उतरायचे, पायी चालत पुढे जायचे आणि वळणापलीकडे गेल्यावरच बसायचे, अशी रीत होती. "तसं कुणी लिहून दिलं नव्हतं, बाळा. सांगावंही लागत नव्हतं. वाडा दिसला की पाय आपोआप खाली यायचे." त्याच वाड्यातली मुले वर्गात त्यांच्यापुढे बसत. शिक्षक म्हणून ती त्यांना नमस्कार करत आणि रस्त्यावर गुरुजी त्यांच्या दारापुढे उतरत. ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलालाही आजवर सांगितली नव्हती.

नात इंग्लंडमध्ये जन्मलेली, अकरा वर्षांची. तिने विचारले, "आणि नाही उतरलं तर?" गुरुजींनी कप खाली ठेवला आणि पावसाकडे पाहत राहिले. त्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही. आम्हीही मागितले नाही.

गुरुजींच्या 'परवानगी घेतलीय ना' या प्रश्नाला इंग्लंडच्या कायद्यात जे उत्तर आहे, ते आपल्यापैकी प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार एखाद्या वाटेवरून लोक सलग वीस वर्षे, अडथळ्याविना, हक्काने जात-येत राहिले, तर ती वाट सार्वजनिक म्हणून समर्पित झाली असे मानले जाते. मालकाने तसा आपला हेतू नव्हता हे दाखवून दिले तरच याला अपवाद. यातला 'हक्काने' हा शब्द महत्त्वाचा. त्याचा न्यायालयीन अर्थ असा : बळजबरीने नव्हे, लपूनछपून नव्हे आणि परवानगी घेऊनही नव्हे. म्हणजे तुम्ही मालकाला विचारून गेलात, तर त्या जाण्याने हक्क सिद्ध होत नाही. उघडपणे, शांतपणे आणि न विचारता गेलात, तरच त्या चालण्याची कायद्यात मोजदाद होते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक पावलाला परवानगी मागायला लावली गेली, त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

आम्ही ज्या रस्त्यांवरून गेलो, ते आधीपासूनच सार्वजनिक म्हणून नोंदलेले आहेत, त्यामुळे कोणाच्या शेतात घुसण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु नोंद झाली ती आपोआप झालेली नाही. केझिक ते थ्रेलकेल्ड हा सायकलमार्ग लॅट्रिग नावाच्या टेकडीच्या पायथ्याने जातो. १८८७ साली जमीनमालकांनी या टेकडीवर जाण्याची जुनी वाट बंद केली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सुमारे दोन हजार माणसे अडथळे बाजूला सारून टेकडीवर चढून गेली. प्रकरण न्यायालयात गेले, तडजोड झाली आणि शिखरावर जाणारी वाट लोकांसाठी खुली राहिली. पुढच्याच वर्षी, १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने, सायकल हे एक वाहन आहे असे देशभरासाठी जाहीर केले. त्याआधी ठिकठिकाणी सायकलस्वारांवर वेगवेगळे स्थानिक निर्बंध होते. या एका वाक्याने सायकलीला घोडागाडीच्या बरोबरीने रस्त्यावर स्थान मिळाले. पुढे १९६८ च्या कायद्याने ब्रायडलवे, म्हणजे घोडेस्वारांच्या वाटा, सायकलींनाही खुल्या झाल्या. अट एवढीच की, पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचे. या वाटांवर जे दिशादर्शक बाण असतात, त्यांचा रंग निळा असतो. हा निव्वळ योगायोग आहे, पण आमच्या मुलांनी त्याची फार आनंदाने नोंद घेतली.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. मसूर स्थानकावर उतरलेल्या त्या लहान मुलांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे घेऊन जो तयार झाला, तो त्यांच्याबरोबर गाडीत बसला नाही; मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे. जवळ शिदोरी होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून ती खाता आली नाही. रस्ता सरकारी होता, गाडीचे पैसे मोजलेले होते, तरी प्रवास त्यांचा नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचेही असेच. मुंबई विधिमंडळाच्या १९२३ च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले होते. कागद तयार होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांना त्या पाण्यापर्यंत चालत जावे लागले, आणि न्यायालयाचा अखेरचा निर्णय यायला १९३७ साल उजाडले. लॅट्रिगच्या टेकडीची आणि महाडच्या तळ्याची तुलना करू नये, हे आम्हाला समजते. तिथे लोकांची एक फिरण्याची वाट अडवली होती. इथे माणूसपण अडवले होते. परंतु कागदावर खुली झालेली जागा पावलांनीच खुली होते, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

खेड्याविषयी आपल्या मनात जो दुरावा आहे, त्याचाही इथे उल्लेख केला पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या भाबड्या गौरवाला स्पष्ट नकार दिला. आपल्या आई-वडिलांनी शहराची वाट धरली ती हौस म्हणून नव्हे. त्यामुळे 'निवांत ग्रामीण निसर्ग' हे शब्द ऐकून इतरांच्या मनात जे उमटते, ते आपल्या मनात उमटत नाही. आपल्याला आधी वेस दिसते. आमच्यातील अनेक जण इंग्लंडमध्ये दहा-पंधरा वर्षे राहूनही शहराबाहेर पडलेले नव्हते. घर, कचेरी, विहार आणि वर्षातून एकदा विमानतळ, एवढाच आमचा नकाशा. तो आम्ही स्वतःच आखून घेतला आहे असे आम्हाला वाटत होते. गुरुजींना सायकलवरून उतरताना पाहिले आणि तो किती आधी आखला गेला होता, हे लक्षात आले.

तेव्हा इंग्लंडची खेडी पवित्र आहेत असा आमचा दावा नाही. शांततेलाही इतिहास असतो, आणि तो नेहमी न्यायाचा असतोच असे नाही. थर्लमेअर तळ्याचे उदाहरण घ्या. आज ज्याच्या पश्चिम काठाने सायकलस्वारांचा आवडता रस्ता जातो, ते तळे आजच्या रूपात मँचेस्टरच्या नगरपालिकेने घडवले. तीव्र विरोध असतानाही १८७९ साली कायदा झाला, धरण बांधले गेले, विदबर्न आणि आर्मबोथ या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि १८९४ साली हे पाणी मँचेस्टरला पोहोचले. सुमारे १५४ किलोमीटरचा हा प्रवास पाणी एकाही पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर करते. विदबर्नचे लहानसे चर्च तेवढे उरले आहे. आमच्यातील तीन कुटुंबे मँचेस्टर परिसरात राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरातील नळाला या खोऱ्याचे पाणी येते. मुलांना आम्ही काठावर उभे करून हे सांगितले. गिरणी कामगारांच्या शहराला स्वच्छ पाणी मिळाले ही गोष्ट मोठीच होती, आणि कोणाचे तरी घर त्यासाठी बुडाले हेही खरे. धरणग्रस्तांच्या कहाण्या महाराष्ट्रात ऐकत वाढलेल्या माणसाला हे दोन्ही एकदम लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये.

सायकलचे मार्गही असेच माणसांनी केलेले आहेत. केझिकची रेल्वे १९७२ साली बंद झाली. अशा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर, कालव्यांच्या काठांवर आणि गावरस्त्यांवर सायकलींचे जाळे विणण्याचे काम १९७७ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या सस्ट्रान्स या धर्मादाय संस्थेने हाती घेतले. १९९४ साली 'सी टू सी' हा मार्ग खुला झाला. पश्चिमेला व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टन, पूर्वेला संडरलँड किंवा टाइनमथ. सुमारे २२५ किलोमीटर. निघताना मागचे चाक आयरिश समुद्रात आणि पोहोचल्यावर पुढचे चाक उत्तर समुद्रात भिजवण्याची प्रथा आहे. डिसेंबर २०१५ च्या डेझमंड वादळात ग्रेटा नदीने केझिक ते थ्रेलकेल्ड मार्गावरील पूल वाहून नेले. पाच वर्षांच्या खटपटीनंतर आणि काही दशलक्ष पौंड खर्चून डिसेंबर २०२० मध्ये तो पुन्हा सुरू झाला. मधला जुना बोगदा, जो मोठ्या रस्त्याच्या बांधकामात बुजवला गेला होता, तोही या वेळी मोकळा करण्यात आला. जवळच डरवेंटवॉटर तळ्याकाठचे ब्रँडलहाउ हे वन नॅशनल ट्रस्टने १९०२ साली लोकवर्गणीतून विकत घेतले. त्या वर्गणीत कामगारांचे शिलिंगही होते. विहारासाठी दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या माणसाला वर्गणीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष मार्गांविषयी. इथे आम्हाला एक मत आग्रहाने मांडायचे आहे, आणि ते आमच्याच व्यवसायबंधूंना पटेल की नाही, याची शंका आहे. आमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. आकडा दिसला की, तो वाढवावासा वाटतो, हा आमचा दोष. सायकल घेतली की, पहिल्याच महिन्यात कोणीतरी हार्डनॉट खिंडीचे नाव काढतो. ती ३९३ मीटर उंचीची खिंड आहे, आणि तिचा चढ काही ठिकाणी असा आहे की, तीन मीटर पुढे जाताना एक मीटर वर जावे लागते. धडधाकट, सराव असलेल्या माणसाने जरूर जावे. परंतु नवरा खिंड चढून छायाचित्र काढतो आणि बायको मुलांना घेऊन गाडीत वाट पाहते, अशी सहल झाली, तर आपण घरातच एक नवी वेस उभी केली असे म्हणावे लागेल. आमच्या गटातील चार स्त्रियांपैकी दोघींना लहानपणी सायकल शिकूच दिली नव्हती. घरात एक सायकल होती आणि ती भावाची होती. त्या दोघी वयाच्या पस्तिशीनंतर मँचेस्टरच्या एका बागेत सायकल शिकल्या. मार्ग त्यांच्या वेगाने ठरला पाहिजे.

म्हणून आमचा नियम असा : सर्वांत मागच्या सायकलचा वेग तोच गटाचा वेग. मार्ग निवडताना अंतर आणि चढ एवढेच पाहू नये. दर सात-आठ किलोमीटरवर थांबायला जागा आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, मोठा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो, आणि एखादा थकला तर परत फिरण्याचा सोपा मार्ग आहे का, हे पाहावे. मार्ग सुचवणारी अ‍ॅप यांतले फारसे सांगत नाहीत. ज्यांनी ती बनवली, त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकटा, तरुण, घाईतला सायकलस्वार असतो. त्यापेक्षा ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून मुलांसह बसावे. त्यावर आखूड तुटक हिरवी रेषा पायवाटेची असते, तिथे सायकल चालवण्याचा हक्क नाही. लांब तुटक हिरवी रेषा ब्रायडलवेची, तिथे आहे. नकाशा वाचता येणे म्हणजे आपला हक्क कुठवर आहे हे कोणालाही न विचारता कळणे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी केझिक ते थ्रेलकेल्ड हा सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग निवडावा. रेल्वेचा असल्याने चढ अगदी सौम्य, मोटारी नाहीत, नदी वरचेवर ओलांडली जाते, आणि चाकाच्या खुर्चीतूनही जाता येते. त्यानंतर थर्लमेअरचा पश्चिम काठ. पूर्व काठाने जाणारा ए ५९१ हा रस्ता गजबजलेला आहे, तो टाळावा. पश्चिमेचा रस्ता वादळानंतर दरडी किंवा झाडे पडल्याने बंद राहिलेला आहे, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. विंडरमियरचा पश्चिम काठही सुंदर आहे आणि तेथे सायकलसह नावेतून जाता येते, मात्र ती वाट खडीची आहे. बारीक टायरची सायकल तिथे नेऊ नये. उत्तरेला स्किडॉ डोंगराच्या पाठीमागे कॉल्डबेक आणि उलडेल या गावांभोवतीचे रस्ते पर्यटकांच्या गर्दीपासून दूर आहेत. थोडा सराव झाला की, व्हाइटहेवनहून लोझवॉटर, लॉर्टन आणि ३१८ मीटर उंचीची व्हिनलॅटर खिंड ओलांडून केझिकला यावे. तरुणांनी संपूर्ण 'सी टू सी' चार-पाच दिवसांत, घाई न करता, जरूर करावा.

काही सूचना अनुभवाच्या. ओल्या उतारावर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वेग आधीच कमी करावा. मेंढी दिसली की, तिचे कोकरू पलीकडच्या बाजूला असणार असे धरून चालावे. फाटक जसे उघडे किंवा बंद सापडले, तसेच सोडून पुढे जावे. मुलांना नेहमी मध्ये ठेवावे. २०२२ पासून वाहतूक नियमावलीत सायकलस्वारांना अधिक संरक्षण आहे. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने ओलांडणाऱ्या मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवावे अशी तिची सूचना आहे. दोघांनी शेजारी-शेजारी चालवण्याचीही मुभा आहे. मागून एखाद्याने हॉर्न वाजवला, तर घाबरून गटारात जाऊ नये. जागा मिळेल तिथे शांतपणे बाजूला होऊन त्याला जाऊ द्यावे. ही सभ्यता झाली. ती हक्काच्या आड येत नाही.

सायकली महाग असतात, हे खरे. आमच्याकडे पाच कुटुंबांत मिळून सहा सायकली होत्या. बाकीच्या भाड्याने घेतल्या. पेनरिथपर्यंत आगगाडी जाते आणि जागा आधी राखून ठेवल्यास तीत सायकल नेता येते. गटाने मिळून दोन-तीन चांगल्या वापरलेल्या सायकली घेऊन त्या आळीपाळीने वापराव्यात, असा आमचा प्रस्ताव आहे. ग्रंथालय सामाईक असू शकते, तर सायकली का नसाव्यात?

२०१९ साली ज्युलियन ग्लोव्हर यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या राष्ट्रीय उद्यानांचा आढावा घेण्यात आला. कृष्णवर्णीय, आशियाई आणि अन्य अल्पसंख्य समाजांतील अनेकांना ही उद्याने आपली वाटत नाहीत, अशी खंत त्या अहवालात स्पष्ट नोंदवली आहे. आम्हाला त्या दोन दिवसांत कोणी वाईट बोलले नाही. एकदा एका चहाच्या दुकानात आम्ही आत गेल्यावर क्षणभर सारे बोलणे थांबले, आणि मग पुन्हा सुरू झाले, एवढेच. ज्या जागी आपण दिसत नाही, त्या जागी पहिल्यांदा दिसण्याचे काम कोणाला तरी करावे लागते. ते काम मोर्चाचे नसते. त्याला एक डबा, दोन पंक्चरचे संच आणि पावसाचे जाकीट लागते.

ज्येष्ठांच्या प्रश्नाकडे परत येतो. विहाराचा निधी आणि मराठीचा वर्ग यांपेक्षा सायकल मोठी आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु चळवळीने आपल्याला काय मिळवून दिले, हे पुढच्या पिढीला केवळ सभागृहात बसवून सांगता येईल असे आम्हाला वाटत नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलीला गुरुजींची गोष्ट ऐकायला एक अंगण लागले, एक फाटक लागले, आणि सायकलवरून उतरणारे आजोबा लागले. तिच्या पुस्तकातील महाड त्या संध्याकाळी तिच्या घरातले झाले. हा धडा आमच्या कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतलो. अंगण जवळ आले तेव्हा नात आजोबांच्या शेजारून सायकल चालवत होती. गुरुजी पुन्हा उतरले. "पाय ऐकत नाहीत गं," ते हसून म्हणाले. ती उतरली नाही. तिने वेग कमी केला, अंगणातून सावकाश पलीकडे गेली आणि फाटक धरून त्यांची वाट पाहत उभी राहिली. शेतघराच्या बाईंनी खिडकीतून हात हलवला, तिनेही हलवला. कोणीही कोणाची परवानगी मागितली नव्हती.

इथला कायदा वाट खुली व्हायला वीस वर्षे मागतो. पायांची सवय सुटायलाही वेळ लागणारच. गुरुजी पुढच्या मे महिन्यात पुन्हा येणार आहेत. केझिकची खोली आम्ही आताच राखून ठेवली आहे, आणि दोन सायकलींची जागा अजून रिकामी आहे. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्या ज्येष्ठांनी आमच्याबरोबर यावे, ही आमची मनापासूनची विनंती. चढावर आम्ही थांबू.

जय भीम.